मंडळी

बावीस वर्षं मी उपासना ऐकली
खडकीच्या आमच्या चर्चच्या फाटकाबाहेर,
कडुनिंबाखाली, चेतकच्या सीटवर बसून.
मंडळी आत, मी बाहेर.
आमचे आजोबा बायकोलाही मंडळीच म्हणायचे.
तर दोन्ही अर्थांनी आत.

सगळं आवाजावरून कळायचं मला.
बाकं करकरली की पापांगीकार.
पेटी एकटीच वाजत राहिली की अर्पण.
तिसरं गीत लागलं की चहा उरकायचा,
कारण शेवटच्या आमेननंतर सुवार्ताला
रेंगाळलेलं आवडत नाही.

चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली.
तिथे पास दाखवायचा, खिसे उलटे करायचे,
काडेपेटी गेटवर ठेवून आत जायचं.
इथे कधीच कोणी अडवलं नाही.
बहुतेक म्हणूनच.

मग एका रविवारी आतून काहीच येईना.
पेटी नाही, खोकला नाही, लहान पोरसुद्धा नाही.
लेमुएल ओहोळ गेले होते, त्यांच्यासाठी
सगळे मिनिटभर उभे होते, हे नंतर कळलं.
मी फाटकाबाहेर हेल्मेट काढून हातात धरलं.
मिनिट संपलं, गीत लागलं,
पण ते परत डोक्यावर घालता येईना.

फॉर्म एका पानाचा.
‘पूर्वीची मंडळी’ या रकान्यापाशी पेन अडलं.
नेवाशाकडच्या खेड्यात पाळकांना फोन लावला.
म्हणाले, जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं,
तुमचं साल तर पार भुस्सा.
पण नथूबाबा आहेत अजून, विचारतो.
आठवड्यानं पोस्टानं दाखला आला, खाली अंगठा :
*शांतवन भांबळ याच्या डोक्यावर पाणी पडताना मी पाहिलं.
पोरगं रडलं नाही. नुसतं बघत होतं.*

पंचांच्या बैठकीत चक्रनारायण बाई, खजिनदार,
चष्म्यावरून म्हणाल्या, बावीस वर्षांची वर्गणी?
आणि कोणी हसेना, तेव्हा स्वतःच हसल्या.
‘आत्ताच का?’ असं पाळकांनी विचारलं.
हेल्मेटचं सांगणार होतो.
म्हटलं, गुडघे दुखतात, बाहेर बसवत नाही.
त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

घरी सुवार्ता भांडी विसळत होती.
बराच वेळ नुसतं पाणी वाजलं.
मग म्हणाली,
आठवड्यातला तेवढाच एक तास माझा एकटीचा होता.
या तुम्ही. पण माझ्या बाकावर नको.

म्हणून मी मागून दुसऱ्या बाकावर,
खांबाच्या आडोशाला, पंख्याच्या खाली नव्हे.
नाव पुकारलं, उभा राहिलो.
उजवा हात पुढे केला, तर हातच हात आले :
ससूनच्या सिस्टरचा, स्पिरिटचा वास असलेला,
कुणा वेल्डरचा, खरवडणारा,
एका आजीचा, जो तिनं सोडलाच नाही,
कारण तिला मी दुसराच कोणी वाटलो.

आणि गीत.
बाहेरून ते एकसंध यायचं, धुतलेल्या चादरीसारखं.
आत तसं काही नसतं.
आत डावीकडचे काका अर्धा सूर खाली,
समोरची पोरगी शब्द गिळतेय,
पेटीवाला घाईत, आणि मधेच
मला न ओळखू आलेला एक भसाडा आवाज,
जो माझा होता.

उपासना सुटली तरी मला सुटता येईना.
पाकिटाचा नंबर घ्या, सभासद तीनशे एक्क्याण्णव,
इथे सही, सलाम, इथे पण सही, सलाम.
बाहेर आलो तेव्हा चेतकला टेकून
कडुनिंबाखाली सुवार्ता उभी,
हातात कटिंग, डोकं किंचित कलतं.
आत तरुण संघाचा सराव चालू होता.

मी म्हटलं, उशीर झाला.
तिनं हातानंच थांबवलं मला.
कडवं संपू दिलं.
‘इथून ऐकलं,’ म्हणाली,
‘तर आपली मंडळी बरी गाते हो.’

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली.